शेरभर लाह्या, शेरभर काकवी

एका राज्यात राजा एक, राण्या दोन आणि मुदपाकखानाही एकच. एका चुलीला दोन फुंकण्या लागल्या की ठिणग्या उडायच्याच.

धाकटी राणी तरला लाह्यांचे लाडू वळी. राजा ते डोळे मिटून खाई आणि थोरली रत्नप्रभा ते डोळे फाडून बघे. तिचा नुसता जळफळाट होई. तरी एकदा हसरा चेहरा करून तिने विचारले.

"तरले, लाडवांना काय घेतेस?"

"जितक्या लाह्या, ताईसाहेब, तितकीच काकवी."

तरलेच्या माहेरी सारे तराजूत तोलत. रत्नप्रभेच्या माहेरी सारे मापाने भरत, वर शीग लावून. थोरलीने शेराचे माप काढून शेरभर लाह्या घेतल्या, शेरभर काकवी ओतली. लाह्या बुडाल्या. राजाने ताटात पाहिले, हसून म्हणाला, "हे प्यायचे की खायचे?"

सवतीने मुद्दाम चुकीचे सांगितले, असे थोरलीने ठरवून टाकले. मत्सराला पुरावा लागत नाही.

ती रानातल्या मांत्रिकाकडे गेली. "लाह्यांचा शेर काकवीच्या शेराइतकाच जड कर. माझे माप तिच्यापुढे उणे पडता कामा नये."

"मंत्र लाह्यांपाशी थांबणार नाही, राणी. मग कापूस आणि लोखंडही एकाच भाराचे होतील."

"होऊ देत."

झाले. पिसांच्या भाराने पाखरे खाली उतरली आणि पायी हिंडू लागली. फुलांनी फांद्या मोडल्या. राजा कापसाच्या दुलईत निजला होता, ती त्याच्या छातीवर शिळा होऊन बसली. पहिलवानांनाही ती हलेना. राजाचा श्वास अडखळू लागला.

थोरली धावत राजाच्या दालनाच्या दाराशी आली. तेवढ्यात एक मैना पायऱ्या चढत, धापा टाकत आली.

"राणी, शाप तुझ्या मत्सराचा आहे. तीन कामे कर. तुझा शेर उपडा ठेव. सवतीचा तराजू मागून घे. आणि तिचे खरे होते, हे तिच्या तोंडावर सांग."

शेर उपडा ठेवणे सोपे गेले. तराजू मागताना तिने तरलेकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या कामाला मात्र थोरली खांब धरून उभी राहिली. आतून राजाची घरघर ऐकू येत होती, आणि तरी मनात आलेच, की हा वाचला तर पुन्हा हिचेच लाडू खाईल.

"तरले," ती अखेर म्हणाली, "तू खरे सांगितलेस. तू खोटी ठरावीस अशी माझीच इच्छा होती."

"तोलून घ्यायचे, हे मी सांगायला हवे होते, ताईसाहेब. आमच्याकडे दुसरी रीतच नाही."

तरलेने एका पारड्यात वाटीभर काकवी ठेवली, दुसऱ्यात तेवढ्याच वाटीभर लाह्या. लाह्यांचे पारडे झर्रकन वर गेले. थोरली लाह्या टाकत राहिली. टोपली रिकामी झाली, तेव्हा कुठे काटा मधे आला. मैना खिडकीतून उडाली. आत राजाने दुलई झटकली आणि खायला मागितले.

लाडू थोरलीने वळले. राजाने डोळे मिटून एक खाल्ला.

"तरले, आज हात छान जमला."

"हात ताईसाहेबांचा आहे, महाराज."

राजाने डोळे उघडून थोरलीकडे पाहिले आणि आणखी एक मागितला. तिला फार बरे वाटले. तो दुसरा तिने, शेजारी तरला वळत असलेल्या लाडवाकडे चोरून बघत, तसूभर मोठा वळला.

लाहीचा भार उतरला, तसा ऐकणाऱ्यांच्याही मनावरचा उतरो.