नकटीचे खडे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. डोंगरावर जायला तेव्हा पायऱ्यासुद्धा नव्हत्या. त्या डोंगरात लेणी आहेत, कुणी खोदली देव जाणे, आणि पायथ्याला आमचं बोरजाई गाव. बाहेरगावची माणसं सकाळी यायची, लेणी बघायची, वरच्या देवीला नारळ फोडायची आणि उन्हं कलली की उतरायची. त्यांना वर नेऊन आणणारा वाटाड्या म्हणजे सटवाजी.

काय त्याची जीभ! असं म्हणतात, सटवाजी बोलायला लागला की दगडातले हत्ती कान हलवायचे. ज्याची गोष्ट ठाऊक नाही, त्याची तो जागच्या जागी रचायचा. शेवटच्या लेण्यात नाक तुटलेली एक दगडी बाई आहे. ही कोण, म्हणून एकदा कुणीतरी विचारलं. माहीत नाही म्हणायला याची जीभ रेटेना. म्हणाला, "ही नकटी! देवीचे दागिने चोरले हिनं, म्हणून देवीनं नाक कापलं. मारा एकेक खडा, पुण्य लागतं." लोकांना काय, तेवढंच हवं असतं. जो तो खडा मारू लागला. बाईच्या पायाशी ढीग झाला.

आता या सटवाजीची एक भाची होती, ठकू. आईबाप नव्हते, मामाकडेच वाढलेली. लहानपणी वासरानं लाथ मारली आणि तिचं नाक बसलं ते बसलंच. पण पोरगी कामाला वाघीण, हसायला मोकळी. तिला बघायला पाहुणे आले. मामाला कोण आनंद! स्वयंपाक होईस्तोवर लेणी दाखवून आणतो म्हणाला. आणि वर गेल्यावर मेल्याला भानच राहिलं नाही. पाहुणे वाहवा करताहेत म्हटल्यावर नकटीची गोष्ट त्यानं तिखटमीठ लावून सांगितली. नवऱ्या मुलाच्या आईनं तर चांगला मोठा खडा मारला.

खाली आले. ठकूनं पाण्याचा तांब्या पुढे केला, पदर सावरला आणि वर बघितलं. नवऱ्या मुलाची आई दचकलीच. "अगंबाई, ही तर तीच!" पाणीसुद्धा न पिता माणसं उठली. सटवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठकू रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मामा, त्या बाईनं खरंच चोरी केली होती?"

तेव्हा त्याची मान जी खाली गेली, ती पुन्हा वर आली नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून तो येईल त्याला सांगू लागला, "मी खोटं बोललो हो! ही बाई कोण, मला माहीत नाही." पण ऐकतंय कोण? "राहू दे रे, गोष्ट झकास आहे," म्हणत लोक खडे उचलायचे. मग तो बाईच्या पुढे आडवा उभा राहिला आणि खडे अंगावर घेऊ लागला. असं म्हणतात, एका खड्यानं त्याचंही नाक फुटलं. आणि तेव्हापासून कुणीही मारलेला खडा त्या बाईपर्यंत पोचेना. सटवाजी तिथं नसला, तरी तो उभा राहायचा त्या जागेवरच खडा टपकन पडायचा.

गर्दी उतरली की ढिगातला एक खडा मुठीत धरून तो खाली आणायचा. ठकू म्हणाली, "मामा, पाटी घेऊन जा की. लवकर आटपेल."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "एकेक करूनच मारायला लावलेत गं मी."

ठकूनं त्याला माफ केलं की नाही, कुणालाच ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर वर गेली, आणि पुढे वयानं तो थकल्यावर लोकांना लेणी तीच दाखवू लागली.

आजही आमच्या गावचा वाटाड्या त्या बाईपुढे आला की पायातलं काढतो, मान खाली घालतो आणि "ही कोण, माहीत नाही," एवढंच म्हणतो. मग आलेला प्रत्येक जण ढिगातला एक खडा उचलतो आणि खाली वडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवतो. त्या खड्यांचा पार एवढा मोठा झालाय, की अख्खं गाव त्यावर बसतं. वरचा ढीग मात्र संपत नाही. असं म्हणतात, गावात कुणी कुणाच्या लेकीबद्दल काहीबाही रचून सांगितलं की तिथं एक खडा वाढतो. म्हणून वर जाताना आम्ही हसतखिदळत जातो. उतरताना मात्र मूठ मिटलेली असते आणि मान खाली.