अंगठ्याखालची ओळ

एकदा एक वृद्ध नेत्रपरीक्षक आपल्या शिष्येला घेऊन इंजेक्शनच्या औषधाच्या एका कारखान्यात गेले. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या चष्म्याचे नंबर काढले होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणत, आणि ते दर वेळी न कंटाळता सांगत, की मी डॉक्टर नव्हे. कुठे भिंगाने भागेल आणि कुठे डॉक्टरच हवा, एवढे ओळखणारा माणूस आहे.

शिष्येचे नाव ऋजुता. शिक्षण झाले, लग्न झाले, मूल झाले, आणि दीड वर्ष घरी काढून ती नुकतीच कामावर परतली होती. या दीड वर्षात आपण सगळे विसरून बसलो असणार, याविषयी तिला काडीमात्र शंका नव्हती. शंका बाकी सगळ्याविषयी होती. मूल सासूबाईंपाशी असे. दुपारी बाराच्या ठोक्याला ती घरी फोन करी आणि विचारी, "आई, जेवला का तो?" सासूबाई सांगत, "दोन वाट्या मऊ भात खाल्ला आणि झोपला." रोज दोन वाट्या, रोज झोपला. ऐकून तिचा जीव भांड्यात पडे, आणि उरलेला दिवस ती इतर गोष्टींची काळजी करायला मोकळी होई.

त्या कारखान्यात एक लांबट खोली होती. तिथे ऐंशी बायका आपापल्या टेबलापाशी बसून औषधाच्या बाटल्या तपासत. टेबलावर दिवा, दिव्यामागे अर्धा काळा आणि अर्धा पांढरा फळा. बाटली उचलायची, हात लांब करून दिव्याखाली धरायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्यापुढे पाहायचे, मग पांढऱ्यापुढे. आत एखादा तंतू, एखादा कण तरंगताना दिसला, की ती बाटली बाजूला. सुटली, तर कुणाच्या तरी दंडात जाणार. ऋजुताने हे ऐकले मात्र, तिला आपल्या मुलाच्या लशीचा दिवस आठवला.

दरवर्षी या बायकांचे डोळे तपासावे लागत. कारखान्याच्या आरोग्य योजनेचा कारभार शहरातली एक कंपनी पाही. तिने ऐंशी छापील कागद पाठवले होते. प्रत्येक कागदावर खाली दोनच चौकोन: योग्य आणि अयोग्य. ज्या बाईच्या कागदावर अयोग्य येईल, तिचे टेबल जाई आणि तिला खोकी बांधायला उभे करीत.

गुरूंनी शिष्येला म्हटले, "आज तू तपास. मी बसतो."

उपाहारगृहात भिंतीवर तक्ता लागला. बायका बाकांवर ओळीने बसल्या. दूरचे झाले की ऋजुता वाचनाचे कार्ड हातात धरी. त्यावर बारीक अक्षरात तीन वाक्ये होती: 'नदीच्या काठी चिंचेचे झाड आहे. त्याच्या सावलीत गुरे बसतात. संध्याकाळी गुराखी त्यांना घरी नेतो.' पहिल्या दोन बायका चाचरत वाचून गेल्या. पुढच्या अडखळल्याच नाहीत. शालन नावाची सत्तेचाळीस वर्षांची बाई आली. खोलीत सगळ्यांत जुनी, बाकीच्या तिला शालनमावशी म्हणत. तिने तर असे खणखणीत वाचले, की जणू शाळेच्या तपासणीला साहेब आले असावेत. 'संध्याकाळी गुराखी त्यांना घरी नेतो,' म्हणून ती थांबली आणि हळूच हसली. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "मावशी, गुरं पोचली का गं गोठ्यात?" सगळ्या हसल्या. ऋजुताही हसली, आणि 'योग्य'च्या चौकोनात तिने खूण केली.

बारापर्यंत पन्नास झाल्या. पन्नासही योग्य. फोनवर दोन वाट्या भात झाला. आपल्याला येते आहे की सगळे, असे तिला त्या दिवशी प्रथमच वाटले.

जेवण झाल्यावर गुरू उठले. त्यांनी पन्नास कागद हातात घेतले, एकावरही सही केली नाही, आणि ते सरळ तपासणीच्या खोलीत गेले. शालनच्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "बाई, जरा उठता का? तुमच्या जागी मी बसतो. माझी तपासणी तुम्ही घ्या."

शालनला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पण ते बसलेच. नव्या बाईला शिकवण्यासाठी तिथे दहा बाटल्यांचा एक ट्रे ठेवलेला असे; त्यांतल्या तीन बाटल्यांत मुद्दाम तंतू सोडलेले. त्यांनी तो मागवला. एकेक बाटली उचलून दिव्याखाली धरली. शालनने मनगट कसे फिरवायचे ते दाखवले. काळ्यापुढे पाहिले, पांढऱ्यापुढे पाहिले. आजूबाजूचे हात थांबले. दहाही बाटल्या पाहून झाल्या आणि त्यांनी एकच बाजूला काढली. तीही चांगली निघाली.

"नाही दिसत मला," ते शांतपणे म्हणाले. मग शिष्येकडे वळले. "एक कोरा कागद घे. माझे नाव लिही. वय एकाहत्तर. खाली खूण कर, अयोग्य."

ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ऐंशी बायकांसमोर, कारखान्याचे मालक दारात उभे असताना, डोळे तपासायला आलेला माणूसच नापास. सरांचे वय झाले, हे आपल्याला आधी कळायला हवे होते. आपल्याला काहीच वेळेवर कळत नाही. पण गुरूची आज्ञा. तिने खूण केली. त्यांनी तो कागद गठ्ठ्यावर सगळ्यांत वर ठेवला, सर्वांना दिसेल असा.

मग शालनने पदर सावरला आणि म्हणाली, "सर, मलाबी दिसंना झालंय. दोन वर्षं झाली."

एकदा तोंड उघडल्यावर मग तिने सगळेच सांगितले. कार्डावरची ओळ तिला पाठ होती. सगळ्यांनाच होती, तपासायला कुणीही येवो, दहा वर्षे तेच कार्ड येत होते. बाजारातून तिने गुपचूप चाळीशी आणून पाहिली, तर बाटली आणखीच धूसर. चष्म्यानेही दिसत नाही, म्हणजे डोळेच गेले, असे ती धरून चालली. घरी तिने सांगितले नाही, इथे सांगितले नाही.

"मग बाटल्या?" मालकांनी दारातून विचारले. त्यांचा चेहरा उतरला होता.

यावर शेजारच्या टेबलावरची मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आम्ही बघतो की. चहाच्या सुट्टीत."

असे होते तर. कारखान्यातून वाईट बाटली गेली नव्हती. घंटा झाली की तरुण बायका आपला चहा निववत मोठ्यांचे ट्रे पुन्हा पाहत होत्या, आणि हा रिवाज दोन वर्षे त्या खोलीबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. ऋजुताला त्यांचे कौतुक वाटले आणि लगेच दुसराही विचार आला. एखाद्या दिवशी ती मुलगी रजेवर असती तर?

गुरूंनी सदऱ्याच्या खिशातून दुसरा चष्मा काढला, नाकावरचा उतरवून तो चढवला आणि पुन्हा त्याच दहा बाटल्या उचलल्या. या वेळी तिन्ही तंतू त्यांनी एकामागून एक अचूक काढले. मग पिशवीतून सुतळी काढून ऋजुताच्या हाती दिली. "या बाईंच्या डोळ्यापासून बाटलीपर्यंत माप."

तिने मापले. कार्ड ती हातभर अंतरावर धरत होती. बाटली होती त्याच्या दीडपट लांब. शालनला तिने टेबलापाशीच बसवले, सुतळीच्या अंतराला जुळणारी भिंगे चाचणीच्या चौकटीत घातली आणि तंतू असलेली एक बाटली पुढे केली. शालन बघत राहिली. तिने बाटली फिरवली, पुन्हा फिरवली. "हा बघ की गं," ती शेजारणीला म्हणाली, "शेपटी हलवतोय." आणि चौकट नाकावर असतानाच तिने डोळे पुसायला हात वर नेला, तेव्हा भिंगांवर बोटांचे ठसे उमटले, आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

त्या दुपारी कार्ड पिशवीतून निघालेच नाही. ऐंशी बायकांना त्यांच्या त्यांच्या टेबलापाशी तपासले. एकवीस जणींना चष्मा लागला. एका बाईची नजर कोणत्याच भिंगाने उजळेना. तिला गुरूंनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली आणि नेत्रविकाराच्या डॉक्टरांकडे आठ दिवसांच्या आत जायला सांगितले. छापील कागदावरच्या दोन चौकोनांखाली त्यांनी ऋजुताकडून एक ओळ लिहून घेतली: 'टेबलाच्या अंतराचा चष्मा दिल्यास योग्य.'

मालक म्हणाले, की योजनेत अशी ओळ बसत नाही, शहरातले लोक कागद परत पाठवतील.

"पाठवू द्या, मी पुन्हा लिहीन," गुरू म्हणाले. "डोळा पाहतो की नाही, एवढेच योजना विचारते. त्याला काय पाहायचे आहे, ते आपण सांगायचे. अहो, आज ऐंशी अनुभवी हात तुमच्याकडे आहेत. नव्या माणसाला हे मनगट यायला किती वर्षे लागतात, हे तुम्हीच मला सांगा."

मालक काही वेळ शालनच्या मनगटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ओळ राहू द्या.

संध्याकाळी दोघे एसटीच्या थांब्यावर बसले होते. बराच वेळ धीर गोळा करून ऋजुताने विचारले, की सरांना आधी खरोखर दिसत नव्हते, की ते सोंग होते.

"मी सोंग करत नाही," गुरू म्हणाले. "वाचायचा चष्मा घालून बसलो होतो. त्यातून त्या अंतरावर मला खरेच दिसत नाही. फक्त दुसरा चष्मा खिशात आहे, हे मी बोललो नाही. हे बघ, आपण तक्ता लावून समोर बसतो, तेव्हा लोक आपल्याला डोळे दाखवत नाहीत, उत्तरे देतात. ज्याचे टेबल जाणार असते, तो उत्तर पाठ करतो. त्यात लबाडी नसते, भीती असते. ती भीती विचारपूस करून निघत नाही. आपले न दिसणे आधी त्याच्यापुढे ठेवावे लागते. मग तो त्याचे शेजारी आणून ठेवतो."

ऋजुताला कुठेतरी काहीतरी टोचत होते. सकाळचे सगळे तिने मनात पुन्हा फिरवले, त्या बायका बाटली फिरवत तसे. आणि मग तिला दिसले.

"सर," ती म्हणाली, "शालनमावशी वाचत होत्या ना, तेव्हा कार्डावर माझा अंगठा होता. शेवटच्या ओळीवर. त्यांनी ती झाकलेली ओळ वाचून दाखवली, आणि मी खूण केली."

"मी पाहिला अंगठा," गुरू म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

यात रागावणे नव्हते, म्हणून तिला रडू आले नाही. आले असते तरी चालले असते. एसटीला अजून अवकाश होता. तिने फोन काढला आणि घरी लावला. नेहमीचा प्रश्न जिभेवर आला होता, तो तिने मागे सारला.

"आई," ती म्हणाली, "आज मी कामात मोठी चूक केली. आणि खरं सांगू का, मला रोजच वाटतं, की मला इथलंही जमत नाही आणि घरचंही."

मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यानं आज भाताला तोंडसुद्धा लावलं नाही. काल पण नाही. मी तुला सांगत नव्हते, तू तिकडे जीव टांगून बसशील म्हणून. मलाच सुचेनासं झालंय, काय करू याला."

"मी येते," ऋजुता म्हणाली. "आपण दोघी मिळून बघू."

गुरूंनी न ऐकल्यासारखे केले आणि ते एसटी येणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिले.

आपल्यालाही कुणी रोज एकच उत्तर न अडखळता देत असेल, तर आपला अंगठा कुठे आहे, ते एकदा पाहावे.