भिंगरीची तांब्याची अंगठी

पाखरं दुकानं थाटून बसत, त्या काळातली ही हकिगत. भिंगरी नावाच्या मुंगशिणीला आजीच्या माघारी तिची हिऱ्याची अंगठी मिळाली. हिरा उंच कोंदणात बसवलेला होता. माती उकरताना तो अडकून पडेल, या भीतीनं आजीनं अंगठी जन्मभर पेटीतच ठेवली होती. भिंगरीला मात्र ती रोज बोटात हवी होती.

हिरा नव्या अंगठीत खोल बसवून घ्यायला ती धनेश पक्ष्याच्या सराफी दुकानात गेली. धनेश म्हणाला, "हे सोनं झिजलंय. नव्या अंगठीला तोळाभर तरी लागेल. तेवढं नसेल, तर हिऱ्याचा तुकडा काढून मला दे."

"हिरा अख्खाच राहील," असं म्हणून भिंगरी उठली आणि थेट घागरी ठोकणाऱ्या तांबट पक्ष्याकडे गेली.

तांबट दचकला. "बाई, मी भांडी घडवणारा. हिऱ्याला हात लावायची माझी छाती नाही."

"घागरीचा काठ वळवता ना? तसाच याच्याभोवती वळवा. आजीचं सोनं तेवढ्या काठाला पुरेल. खालचं वळं तांब्याचं चालेल मला."

तांबट दिवसभर टुकटुक करत राहिला. भिंगरी समोरून हलली नाही. संध्याकाळी नवी अंगठी बोटात घालूनच ती घरी गेली.

आठ दिवसांनी लेकीला घेऊन भिंगरी अंगठी दाखवायला आली, तेव्हा तिचा पंजा मातीनं भरलेला होता. तांबटानं घाबरत घाबरत अंगठी पुसली. हिरा तसूभरही हलला नव्हता.

"जीव भांड्यात पडला," तांबट म्हणाला.

"आता माझ्या या लेकीच्या बोटाचं माप घेऊन ठेवा. माझ्यामागे ही तिच्या बोटात जाईल," भिंगरी म्हणाली, आणि पुन्हा माती उकरायला निघून गेली.