पायघडीखालची पायरी

“खोटं पचावं म्हणून आशीर्वाद लागतो, हे तुला कुणी सांगितलं रे?”

माईंनी हे विचारलं तेव्हा जयवंत त्यांच्या पाया पडायला वाकला होता. तो तसाच वाकून राहिला. वर बघायची हिंमत होईना.

“खोटं नाही, माई... थोडं झाकायचंय, एवढंच.”

“हात्तिच्या! मग माझ्याकडे कशाला आलास? एखादी चादर घ्यायची.”

धामणटेकडीच्या मठात माई एकट्याच राहत. वय झालेलं, डावा पाय अधू, बोलणं मात्र असं की समोरचा एक तर हसेल नाहीतर उठून जाईल. जयवंत उठून जाणाऱ्यांपैकी नव्हता. नर्सिंग शिकत असताना याच माईंचं मोडलेलं खुब्याचं हाड जुळून येईपर्यंत त्यानं त्यांची सेवा केली होती. तेव्हापासून त्याची ये-जा होती. काही अडलं की टेकडी चढायची, चार बोलणी खायची आणि हलकं होऊन उतरायचं.

आज मात्र तो हलका होण्यासारखा नव्हता. 

“नीट बैस. काय झाकायचंय?”

“मधली दोन वर्षं.”

माईंनी काठी बाजूला ठेवली. पुढचं त्यानंच सांगावं म्हणून वाट बघत राहिल्या.

तसं माईंना सगळं ठाऊक होतं. जयवंत आयसीयूतला ब्रदर होता. साधासुधा नाही, सिस्टर लोक ज्याला अडीअडचणीला हाक मारतात असा. लहान बाळाची शीर सापडेना की “जयवंतला बोलवा.” त्याचा त्याला गर्वही होता, आणि तो ते लपवतही नसे. मग एका रात्री एक पेशंट त्याच्या हातांवर दगावला. डॉक्टर म्हणाले, तुझी काही चूक नाही. नातेवाईकसुद्धा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सुई हातात घेतली आणि हात जे थरथरायला लागले ते थांबेचनात. त्यानं नोकरी सोडली. घरी खाटेवर पडून छताकडे बघत बसला. त्यातच दोन वर्षं गेली.

“आता हात कसे आहेत?”

“बरे आहेत. शेजारच्या आजोबांना रोज इन्शुलिन मीच देतो. थरथर थांबलीय.” तो जरा थांबला. “बहुतेक.”

“बहुतेक,” माईंनी तो शब्द नुसता परत म्हटला.

“उद्या मुलाखत आहे, माई. मोठा दवाखाना आहे, पुन्हा आयसीयू. ते विचारणार, मधे कुठं होता? खरं सांगितलं तर संपलंच. कोण ठेवेल असा माणूस? गिरिधर म्हणून माझा मित्र आहे, तालुक्याला नर्सिंग होम सांभाळतो. तो म्हणतो, माझं नाव सांग. त्यांचा फोन आला की मी सांगीन, जयवंत दोन वर्षं आमच्याकडेच होता.”

“आणि मी काय करायचं?”

“त्यांनी फार खोदून विचारू नये... एवढा आशीर्वाद द्या.”

माई हसल्या नाहीत. त्याला वाटलं होतं, हसतील. त्या हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“रेवती काय म्हणते?” माईंनी त्याच्या बायकोचं विचारलं.

“तिला विचारलं नाही.” जयवंत पुटपुटला. “दोन वर्षं ती एकटी शिवणकाम करून घर ओढतेय. तोंडानं एक शब्द बोलत नाही. माई, मला भीती वाटते हो. उद्या नाही म्हणाले तर मी परत त्या खाटेवर जाईन. या वेळी उठणार नाही. मला माहितीये, नाही उठणार.”

तो बोलून गेला आणि त्याचे त्यालाच डोळे भरून आले.

माई काठी टेकत उठल्या. आत गेल्या. बऱ्याच वेळानं एक जाडजूड लाल गुंडाळी काखेत मारून बाहेर आल्या. जयवंतनं धावत जाऊन ती हातात घेतली. जुनी पायघडी होती, जाड कापडाची, कडेला जर लावलेली.

“ही ओळखतोस?”

ओळखणार कशी नाही! तिची गोष्ट त्यानं माईंच्याच तोंडून ऐकली होती. माईंना मठाची गादी मिळाली त्या दिवशी गावानं हौसेनं वरपासून खालपर्यंत पायऱ्यांवर पायघड्या अंथरल्या होत्या. ढोल वाजत होते, बाया फुलं उधळत होत्या. मठातून उतरणाऱ्या या वाटेवर, वरच्या टोकाच्या चाफ्याच्या झाडाच्या जरा खाली, एक पायरी नाहीच. कडा ढासळला तेव्हा गेली ती. गवंडी येतात, खाली डोकावतात आणि मान हलवून जातात. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे ढांग टाकून ओलांडायची फट. माई ती फट रोज ओलांडत. पण त्या दिवशी तिच्यावरूनही पायघडी गेली होती.

माई पडल्या. कातळाच्या खोबणीत अडकल्या म्हणून वाचल्या. पण खुबा मोडला आणि पाय कायमचा अधू झाला.

तेव्हापासून मठाची एक रीत आहे. सकाळी जो कुणी पहिला त्या फटीपाशी पोचेल, त्यानं तिच्या दोन्ही काठांना गेरूचा पट्टा ओढायचा. फुलं, दिवा, आरती, सगळं नंतर. आधी गेरू, मग देव.

“चल,” माई म्हणाल्या.

दोघं चाफ्यापाशी आले. दुपार कलली होती, पण उजेड लख्ख होता. खालचा गेरूचा पट्टा जयवंतला वरूनच दिसला.

माईंनी गुंडाळी पहिल्या पायरीवर ठेवायला लावली आणि काठीनं ढकलली. पायघडी उलगडत, पायऱ्यांवरून धपधप उतरत खाली गेली आणि वळणापाशी थांबली. फट दिसेनाशी झाली. गेरू दिसेनासा झाला. नुसती लाल, सरळ, एकसारखी वाट.

“किती छान दिसतंय बघ,” माई म्हणाल्या. “उतर.”

“माई, थट्टा करू नका.”

“थट्टा कसली? रोज उतरतोस की. फट तेवढीच आहे. मी काही मोठी केली नाही तिला.”

“पण दिसत नाही ना!”

“दिसू नये असंच तर तुला हवंय.”

जयवंतला राग आला. राग आला की माणसाचा पाय उचलतो. तो एक पायरी उतरला. खाली दगड लागला. दुसरी उतरला, दगड लागला. जाड कापडाखाली सगळ्या पायऱ्या सारख्याच लागत होत्या. चाफ्यापासून कितवी? रोज तर न बघता ओलांडतो आपण. न बघता कुठं, गेरू बघूनच ओलांडतो...

त्यानं पाय उचलला आणि तो पुढे टाकवेना.

 दरीतून वारा वर येत होता. त्यानं पाय मागे घेतला, पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. शेवटी तो सरळ खालीच बसला. मग रांगत, हातानं चाचपत पुढे सरकला. कापड दाबलं, दगड लागला. आणखी पुढे दाबलं...

हात आत गेला.

कापड खोल दबलं आणि खालून गार हवा तळव्याला लागली. जयवंत ओरडला. अंग मागे टाकून कातळाला चिकटून बसला. 

“जयवंता,” माई वरून शांतपणे म्हणाल्या, “हात बघ.”

त्यानं बघितलं. दोन्ही हात थरथरत होते. अगदी तसेच, त्या दिवशीसारखे.



“ही मी अंथरली, तर निदान तू एकटाच वाटेवर आहेस,” माई म्हणाल्या. “उद्या तू अंथरशील, तिच्यावरून कोण चालणार?”

जयवंतच्या डोळ्यांसमोर आयसीयूतली खाट आली. नळ्या लावलेला कुणीतरी अनोळखी माणूस. आणि सुई हातात घेतलेला तो स्वतः. पलीकडे उभ्या असलेल्या सिस्टरला काहीच ठाऊक नाही. ती बिचारी त्याच्या भरवशावर दुसऱ्या पेशंटकडे वळलेली...



त्यानं पायघडीची कड धरली आणि जोर लावून ओढली. ती ओढताना तो धापा टाकत होता. कापड गोळा होत होत वर आलं आणि फट उघडी पडली. काळी, खोल, आणि दोन्ही काठांना सकाळचा गेरू. एवढीशीच तर होती.

तो उठला.  कातळाला हात लावून, खाली नीट बघून त्यानं ढांग टाकली आणि पलीकडे उभा राहिला.

तिथूनच त्यानं फोन लावला.

“गिरिधर, उद्या त्यांचा फोन आला तर... नाही, तसं नको सांगूस. मी तुझ्याकडे नव्हतो असंच सांग... हो, मीच सांगणार आहे त्यांना, नोकरी का सोडली ते. हातांचंही. म्हणणार आहे, सुरुवातीला कुणाच्या तरी नजरेखाली ठेवा... अरे, माहितीये मला!... नाही दिली तर नाही दिली.”

गिरिधर पलीकडून बरंच काही बोलला. वेडा झालास का, एवढं तर नक्कीच. जयवंतनं ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला. 

“नाही दिली तर नाही दिली” असं तोंडानं म्हणणं सोपं होतं.   पण पुढं होती उद्याची ती खुर्ची, समोरचे ते चेहरे, आणि संध्याकाळी दारात वाट बघणारी रेवती. तिला आज घरी गेल्या गेल्या सगळं सांगायचं, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि त्याचीही त्याला धास्ती होती.

त्यानं वर बघितलं. माई चाफ्याखाली काठीवर रेलून उभ्या होत्या, अधू पाय जरा उचलून. मधे ती फट होती.

“माई...”

“काय?”

“भीती काही गेली नाही हो.”

माईंनी आपल्या पायाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

“कशाला जायला हवी? पायघड्यांवरून चालत होते ना, तेव्हा मला कणभरही भीती नव्हती.”