गाडीतून वाहिलेला पाला

"कुणाचे पाय?" मठीच्या ओट्यावरून बुवांनी विचारलं.

सर्जेरावांना प्रश्नच कळला नाही. गाडीची काच अजून खालीच होती, हात बाहेरच होता, आणि हातातली डहाळी नुकतीच वाटोबाच्या दगडावर जाऊन पडली होती.

"काय म्हणालात, बुवा?"

"आत्ता म्हणालास न्हवं, 'वाटोबा, पाय थकू देऊ नको.' म्हणून इचारतोय. कुणाचे?"

सर्जेराव हसले. मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली ऋतुजा मात्र हसली नाही. ती आठ दिवस बापाशी बोललीच नव्हती, मग हसायची कुठली?

त्या खिंडीची एक जुनी रीत आहे. गाव अलीकडं, शाळा पलीकडं पायथ्याला, मधे ही खिंड. चढून येणाऱ्यानं वाटेतल्या कुठल्याही झाडाची ओली डहाळी मोडायची, वाटोबाला वाहायची, पाय थकू देऊ नको म्हणायचं आणि पलीकडं उतरायचं. आता सर्जेराव देसाई म्हणजे पंचक्रोशीतले काजूचे कारखानदार. रीत मोडणाऱ्यातला माणूस नव्हे. गाडी आली म्हणून काय देव टाकायचा? रोज सकाळी लेकीला शाळेत सोडायला निघताना बंगल्यापुढच्या क्रोटनची फांदी तोडायची, खिंडीत गाडी हळू करायची, काच खाली करायची, की झाली सेवा! नेम म्हणजे नेम.

रानातल्या हिरव्या पाल्याच्या ढिगात तो लाल-पिवळा क्रोटन लांबून ओळखू यायचा. मोतीगीर बुवा तो रोज बघत होते आणि गप्प बसत होते.

बुवा खिंडीतल्या मठीत राहणारे गोसावी. वय विचारलं तर म्हणायचे, "वाटोबाला इचार, त्यो माझ्याआधी आलाय." सर्जेराव पोरवयापासून त्यांच्या पायाशी बसलेला माणूस. लग्न ठरलं तेव्हा, कारखाना काढला तेव्हा, पहिला नारळ बुवांच्या हाती. त्यांचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे. ऋतुजासुद्धा नाही. म्हणून तर आज सर्जेराव मुद्दाम थांबणार होते.

गाडी त्यांनी कडेला लावली.

"तू बस आतच," लेकीला म्हणाले. "मी बुवांशी बोलून येतो."

ऋतुजानं मान खिडकीकडं वळवली.

मठीच्या ओट्यावर बुवा ऊन खात बसले होते. कार्तिकातली सकाळ, खाली दरीत धुकं अजून हललं नव्हतं. सर्जेराव पाया पडले आणि समोर टेकले. गाडी पाठीमागं राहिली.

"बुवा, पोरीनं डोकं फिरवलंय. नववीत गेली आणि शिंगं फुटली. म्हणते, गाडीतनं जाणार नाही. पोरींबरोबर चालत जाणार. नाहीतर शाळेतनं नाव काढा."

"बरं मग?"

"बरं काय, बुवा! खाली गवे उतरतात. मागल्या वर्षी एकाला धडक दिली गव्यानं. आणि पोरीची जात. दिवस काय आहेत..."

बुवांनी चिलमीचा एक झुरका घेतला.

"तुमचा शब्द ती मोडायची नाही. एवढंच सांगा तिला, की वाटोबाचा कौल झालाय, पोरीबाळींनी खिंड पायी उतरू नये."

"झालाय का कौल?"

"तुम्ही म्हणालात की झालाच की!"

"म्हंजे देवाच्या नावानं म्या खोटं बोलायचं."

"पोरीच्या भल्यासाठी, बुवा."

"हं..."

बुवांनी चिलीम झाडली. पुन्हा भरली नाही, तशीच हातात धरून बसले.

"का जायचंय म्हणती चालत? काय सांगितलं आसंल की."

सर्जेरावांना ते सांगताना जरा अवघडल्यासारखं झालं. आठ दिवसांपूर्वी लेक शेवटचं जे बोलली होती ते हेच होतं, आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

"म्हणते, पप्पा, वाटेत काय काय घडतं त्यावर वर्गातल्या त्या तिघी चालत येणाऱ्या दिवसभर हसत असतात. मला नुसतं हसू ऐकू येतं... आता हे काय कारण झालं?"

बुवांनी मान हलवली. हो की नाही, काही कळलं नाही.

"सांगतो तिला," ते म्हणाले. "पर आधी एक सांग. गणपतीत शाळेत भाषण केलंस म्हणं? मुलं लई हसत होती आन् बाया डोळं पुसत हुत्या."

सर्जेराव खुलले. खुलणारच. त्या भाषणाचं गावात नाव झालं होतं.

"ते होय! आमच्या वेळची वाट सांगितली. आजकालच्या पोरांना काय माहीत, बुवा? पायात चप्पल नाही, डोक्यावर इरलं. दप्तर म्हणजे खताच्या पोत्याची पिशवी."

"त्ये झालं भाषणातलं. वाट सांग."

"वाट?"

"म्या म्हातारा झालो. उतरवत न्हाई आता. सांग की, कशी हुती."

 सर्जेरावांनी सुरुवात केली आणि करताकरता आवाज उतरला, भाषणाचा राहिला नाही.

"इथनं खाली उतरलं की पहिलं आवळ्याचं झाड. मी, बाळू गुरव आणि म्हादबाचा शिरपा. शिरपा चढायचा, आम्ही खाली झोळी धरायचो. आवळा दातानं फोडायचा, पण पाणी प्यायचं नाही. ओढ्यापर्यंत तसंच जायचं, तोंड वाकडं करत. आणि मग ओढ्याचं पाणी... साखर, बुवा! नुसती साखर!"

"मंग?"

"मग काय! शिरपाच्या आईनं भाकरीवर लसणाची चटणी घातलेली असायची. शाळेत पोचायच्या आधीच ती भाकरी तिघांत संपलेली. दुपारी माझी खायची."

"आन् बाळूची?"

"बाळूकडं भाकरी नसायचीच. सावत्र आई. पण तो गोष्टी सांगायचा. काय थापा मारायचा, बुवा! त्या पिंपळावर मुंजा आहे आणि त्याला पाढे येत नाहीत म्हणून तो वाटेत पोरांना धरतो म्हणे. त्या भीतीनं माझे सगळे पाढे वाटेतच पाठ झाले. सतराचा अजून म्हणतो तेव्हा तो पिंपळच दिसतो मला."

बुवा हसले. त्यांची नजर एकदा सर्जेरावांच्या खांद्यावरून पलीकडं गेली आणि परत आली. मागं पायवाटेवर पोरींची कुजबुज झाली, पाला मोडल्याचा आवाज झाला. सर्जेराव कुठं भानावर होते?

"मंग? पुढं काय व्हायचं?"

"पुढं तो सडा लागायचा. उघडा कातळ. तिथं भांडणं. रोज. कुणी कुणाची पाटी फोडली, कुणी कुणाचं नाव बाईंना सांगितलं. शाळेच्या फाटकाशी पोचेस्तोवर पुन्हा गळ्यात गळे. एकदा शिरपा नि मी आठवडाभर बोललो नाही, पण चालायचो एकत्रच. मधे बाळू, निरोप द्यायला."

"गवे हुते?"

"होते की! एकदा समोर उभाच. एवढा थोरला. आम्ही तिघं झाडासारखे उभे. शिरपानं माझा हात इतका घट्ट धरला होता... गव्यानं बघितलं आमच्याकडं आणि गेला निघून. मग आम्ही रडलो. मग हसलो. घरी कुणी सांगितलं नाही."

एवढं बोलून ते थांबले. शिरपा चार वर्षांपूर्वी मुंबईला वारला होता, आणि सर्जेरावांना मातीला पोचता आलं नव्हतं. त्यांनी रुमाल काढला.

"धूर लागला का रं डोळ्याला?" बुवा म्हणाले. "चिलीम तर इझलीया."

"चेष्टा करू नका, बुवा."

"न्हाई करत... आन् ह्या सगळ्या वाटंत तुझा बाप कुठं रं?"

"बाप?" सर्जेराव कडवट हसले. "आबांना मी कितवीत आहे तेसुद्धा ठाऊक नव्हतं. एकही दिवस शाळेत सोडायला आले नाहीत. उजाडलं की खांद्यावर कुदळ, चालले शेताला. माझ्याकडं कधी वळून बघितलं नाही त्यांनी. म्हणून तर मी ठरवलं होतं, बुवा. आपल्या पोराच्या वाट्याला हे यायचं नाही. मी स्वतः नेणार. स्वतः आणणार. कारखान्यात आग लागली तरी तिला आणायला मीच जाणार."

बुवांनी खिंडीच्या तोंडाशी असलेल्या करवंदीच्या जाळीकडं बघितलं.



मग सर्जेरावांनी उठून चड्डीची नव्हे, पॅंटची धूळ झटकली. वाटेच्या गोष्टी सांगता सांगता माणूस वाटेतच जाऊन बसतो, त्याला काय करणार! "चला बुवा," म्हणाले. "सांगताय ना तिला?"

आणि वळले.

गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं. आत ना दप्तर, ना पोर.

"ऋतू!"

वाटोबाच्या दगडावर चार ओल्या डहाळ्या नुकत्याच पडलेल्या.  सर्जेराव धावत खिंडीच्या तोंडाशी गेले. खाली पायवाटेवर चार पोरी उतरत होत्या. तीन सरावलेल्या, एक ठेचकाळणारी. ठेचकाळणारीचं दप्तर दुसऱ्या एकीनं घेतलं होतं. आणि हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. त्यांच्या लेकीचं हसू त्यात कुठलं, ते सर्जेरावांना ओळखता येईना. किती दिवसांत ऐकलंच नव्हतं.

"तुम्हाला दिसत होतं! बुवा, तुम्ही बघत होता आणि मला बोलण्यात गुंतवलंत!"

"व्हय."

"गवा आला तर? घसरली तर? मी आणतो तिला माघारी..."

ते उतरू लागले तोच मनगटावर पकड आली. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पण पकड अशी की कारखान्याच्या मालकाला हात सोडवता येईना.

बुवांनी दुसऱ्या हातानं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि खिंडीच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीआड एक सपाट कातळ होता, त्यावर अंथरलं. वाटेवरून त्या कातळावर बसलेला माणूस दिसत नसे. कातळावरून मात्र वाट दिसे.

"बस."

"बुवा, सोडा मला!"

"बस म्हणतो न्हवं. तुझा बाप इथंच बसायचा."

सर्जेरावांचा हात ढिला पडला.

"...कोण?"

"तू खिंड उतरलास की मागनं यायचा. कुदळ हितं टेकवायचा. तू आवळ्याखाली, तू भांडतोयस, तू ढांगा टाकतोयस... समदं बघायचा. मग शेताला. मला शपथ घातली हुती, पोराला कळू द्यायचं न्हाई. आता त्योबी गेला, शपथबी गेली."

सर्जेराव बसले.  आबा, एवढंच त्यांच्या तोंडून आलं, आणि मग त्यांनी डोळे पुसायचीही तसदी घेतली नाही. खाली पोरी आवळ्याच्या झाडाशी थांबल्या होत्या. एक वर चढली. ऋतुजानं ओढणी पसरली. मग चौघी तोंडं वाकडी करत निघाल्या, पळत, एकमेकींना ढकलत.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दोनदा त्यांचं तोंड उघडलं. दोनदा त्यांनी ते मिटलं.

पोरी ओढ्यात उतरल्या. झाडांची गर्दी झाली, लाल रिबिनी दिसेनाशा झाल्या, हसणंही विरत गेलं.

सर्जेराव कातळावर अर्धवट उठून मान लांब करत राहिले.

"बुवा... ओढ्याच्या पुढं काही दिसत नाही."

"तुझ्या बापालाबी दिसत नव्हतं."