रॉकेलमधली शांतता

“मग मला भगवी वस्त्रं कधी देणार, बाबा? राग तर मी केव्हाच जिंकलाय!”

हणमंताने राग जिंकला होता, आणि तसं तो दिवसातून दोनदा तरी सांगत असे. बांधावरच्या फणसापायी सख्ख्या भावावर कोयता चालवला, त्याच दिवशी तो घर सोडून टेकडीवरच्या या मठात आला. तेव्हापासून कुणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. त्यामुळे जिंकणंही सोपं गेलं.

मास्तरबाबा हसले. पूर्वाश्रमी ते शाळेत रसायनशास्त्र शिकवत. लोक सगळं सोडून मठात येतात. हे दोन बरण्या घेऊन आले होते.

“माझं सोनं झालंय, बाबा. हवा लागो, पाणी लागो... डाग पडायचा नाही.”

बाबांनी बरण्या ओट्यावर मांडल्या. दोन्हींत रॉकेल. एकीत आईच्या पोतीतला सोन्याचा मणी, दुसरीत एक मळकट करडा खडा. धुकं ओट्यापर्यंत चढलं होतं. त्या धूसर उजेडात मणी आणि खडा गाढ झोपेत असावेत तसे दिसत होते.

“यातलं शांत कोण रे?”

“दोन्ही.”

“हो ना. इतकी वर्षं झाली, कुणाशी तंटा नाही.”

बाबांनी खडा चिमट्याने काढून सुरीने कापला. लोण्यासारखा कापला गेला. आत चांदी लखलखली... आणि वारा लागताच हणमंताच्या डोळ्यांदेखत मळून गेली.

“हा सोडियम. हाही धातूच, बरं का.”

मग त्यांनी मणी दगडी डोणीतल्या पाण्यात सोडला. तो सावकाश बुडाला आणि तळाशी पडून राहिला.

मागोमाग सोडियमचा डाळीएवढा कण. तो बुडाला नाही. फुसफुसत पाण्यावर सैरावैरा धावला, पिवळाजर्द पेटला... आणि दिसेनासा झाला. धुराची एक रेघ धुक्यात विरली.

“खाली तळ्यावर शिवा येऊन बसलाय,” बाबा म्हणाले. “तुझा भाऊ. मनगटावर वण आहे, म्हणून ओळखला.”

हणमंताची कानशिलं तापली.

“कशाला आलाय तो? सांगा त्याला, मी इथे राहत नाही!”

बाबांनी सोडियमची बरणी त्याच्यापुढे सरकवली.



खाली धुक्यात कुणीतरी खोकलं. लहानपणी एकाच घोंगडीत रात्र रात्र ऐकलेला तो खोकला. हणमंता ओट्याच्या कडेपर्यंत गेला, खाली धुक्यात पाहू लागला.

“म्हणजे, बाबा... माझं सोनं कधीच व्हायचं नाही?”

बाबांनी डोणीत हात घालून मणी काढला, धोतराला पुसला.

“सोन्याला भाऊ नसतो, हणमंता.”