ओळ मोडायची नाही

चूक चितळाची होती. पोरांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण मोठी माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळा दोष बिबट्यावर ढकलतात आणि मोकळी होतात. बिबट्या भुकेला होता. भुकेला बिबट्या जे करतो ते त्याने केलं. चितळाचं पोट मात्र भरलेलं होतं.

ऐनाच्या झाडांच्या दाट रानात, पाणवठ्याच्या वरच्या अंगाला हा चितळ राहायचा. शिंगं भली मोठी, आवाज त्याहून मोठा. रानातल्या पिल्लांच्या शाळेच्या समितीचा तो अध्यक्ष होता. शाळेत टिटवीबाई शिकवायच्या. विषय मोजकेच : वारा कुठून येतो ते ओळखणं, गवतात निपचित पडून राहणं, आणि झाडावरचा वानर 'खँक' करून ओरडला की दुसरा विचार न करता पळत सुटणं. या रानात एवढं आलं तर जगता येतं. नाही आलं तर येत नाही.

चितळाची मुदत संपली होती आणि त्याला पुन्हा निवडून यायचं होतं. त्याच्याविरुद्ध नीलगाय उभी होती. मत देण्याची रीत सोपी होती. सगळ्यांनी माळावर जमायचं आणि जो हवा त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. पण त्याआधी पिल्लांनी ओळ करून मत द्यायला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करायचं, ही चितळाने पाडलेली पद्धत. मागच्या खेपेला ऐन स्वागतात वानर ओरडला आणि पिल्लं उधळली. त्यांनी बरोबरच केलं होतं. पण नीलगाय सगळ्यांसमोर म्हणाली, "अध्यक्षसाहेब, साधी ओळ सांभाळता येईना तुम्हाला, शाळा काय सांभाळणार?" सगळं रान हसलं. ते हसू चितळाला झोंबलं.

म्हणून या वेळी त्याने सराव लावला. रोज सकाळी पिल्लं उघड्या माळावर उभी. वानराने झाडावरून खोटंखोटं ओरडायचं आणि जो पाय हलवील त्याला चितळाने शिंगाने ढोसायचं. "ओळ मोडायची नाही! आभाळ कोसळलं तरी मोडायची नाही!" पहिल्या दिवशी सगळी पळाली. मग निम्मी पळाली. शेवटी शेवटी कुणाचा कानसुद्धा हलेना.

"याला म्हणतात शिस्त," चितळ म्हणाला.

"साहेब, मी शिकवलेलं तुम्ही पुसून टाकताय," टिटवीबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही पिल्लांना भित्रं करून ठेवलंय. आईबापांना भित्री पोरं आवडत नाहीत."

"जिवंत आवडतात ना?"

"तुमची बदली पलीकडच्या खडकाळीवर करू का? तिथे शिकवा दगडांना."

टिटवीबाई गप्प बसल्या. वानराला खोटं ओरडण्याबद्दल समितीकडून बोरं मिळत होती, तोही गप्प बसला. आणि आईबाप? त्यांची पोरं ओळीत इतकी छान दिसत होती, की त्यांना बोलण्यासारखं काही वाटलंच नाही.

माळाच्या एका कडेला उंच कुसळी गवत होतं. पाहुणे त्याच्या शेजारच्या वाटेने यायचे. म्हणून ओळीचं पहिलं टोक गवताला लागून, आणि त्या टोकावर चितळाचं स्वतःचं पाडस. पाहुण्यांच्या नजरेत आधी अध्यक्षांचं लेकरू भरायला नको का?

मतदानाच्या सकाळी टिटवीबाई धापा टाकत आल्या. "साहेब, त्या टोकापाशी गवत दबलंय. मी छाती टेकून बघितलं. अजून ऊब आहे."

"नीलगाय बसली असेल. माझी तयारी चोरून बघायला."

"नीलगाईला असा वास येत नाही, साहेब. निदान ओळ मधे तरी घ्या."

"ऐन वेळी हलवाहलव नको. आणि आजच्या दिवशी हे वास-बिस काढू नका."

पाहुणे जमले. चितळ ओळीवरून शेवटचा फेरा मारत पुढच्या टोकाशी आला, तेव्हा पाडस ओठ न हलवता म्हणालं, "बाबा, वास येतोय."

"शूऽऽ. मान वर. सगळे बघतायत."

"बाबा, खूप जवळून येतोय."

"ओळ मोडलीस तर माझी मान खाली जाईल. कळलं?"

पाडसाने मान वर केली. चितळ वळला आणि माळाच्या दुसऱ्या टोकाच्या टेकाडावर, पाहुण्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

वारा पडला. होले घुमायचे थांबले. गवताचे शेंडे वारा नसताना हलले, मग थांबले, मग आणखी जवळ हलले. ओळीतल्या एकाही पिल्लाने खूर जमिनीवरून उचलला नाही.

तेवढ्यात वानर ओरडला. या वेळी खरं ओरडला, पोटातून. टेकाडावर एकच धावपळ उडाली. सगळी मोठी जनावरं वाट फुटेल तिकडे पळाली आणि सर्वांत पुढे चितळ होता. माळावर उरली फक्त ओळ. सरळ, सुंदर, जराही न हललेली.

झाडीत शिरल्यावर चितळाने मागे पाहिलं. "पळ!" तो ओरडला. "अरे पळ! मोड ती ओळ!"

पाडसाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, बाबा परीक्षा घेतायत. ते आणखी ताठ उभं राहिलं.

गवत दुभंगलं. फारसा आवाज झाला नाही.

टिटवीबाई किंचाळत ओळीवर झेपावल्या आणि चोचीने टोचून टोचून त्यांनी बाकीच्या पिल्लांना पळवलं. संध्याकाळी रान पुन्हा जमलं. "बिचाऱ्यावर केवढा प्रसंग," म्हातारी जनावरं एकमेकांना सांगत होती. "आता याच्याविरुद्ध उभं राहणं बरं दिसत नाही," नीलगाय म्हणाली आणि बाजूला झाली. सगळे चितळाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ओळ गवताला लागून का लावली होती, हे कुणी विचारलं नाही.

चितळ बिनविरोध निवडून आला. त्याला एकच पाडस होतं, ते गेलं.

तात्पर्य : जो तुम्हाला ओळीत उभं करतो, तो स्वतः कुठे उभा आहे ते आधी बघा, आणि धोक्याचा वास आला तर कुणा मोठ्याच्या परवानगीची वाट न बघता पळा.